एकाच बेसवर सगळी गाणी वाजवायची तर तारा कुठल्या लावायच्या?

आमच्या ऑर्केस्ट्रात एका रात्रीत तीस-बत्तीस गाणी होतात. गणेशवंदनेने सुरुवात, मग दोन भक्तिगीतं, मग साठ-सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी, मधे एखादं भावगीत, एक-दोन लावण्या, आणि पब्लिक खुर्च्या मागे सारून नाचायला लागलं की शेवटचा पाऊण तास नुसता डिस्को आणि हल्लीची दणक्याची गाणी. या सगळ्याला बेस गिटार एकच. गाण्यागाण्यांच्या मधे निवेदक दोन-चार वाक्यं बोलतो तेवढाच वेळ हातात असतो, त्यात दुसरी गिटार उचलणं, लावणं, वायर बदलणं काही होत नाही. म्हणून मला कोणी व्हर्सटाईल टोनसाठी तारा विचारल्या की माझ्या डोळ्यासमोर ही रात्र असते.

इतक्या वर्षांत मला पटलेली गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना धागा सापडेल. तारेत जो झणकार मुळात आहे तो बोटांनी, टोन नॉबने, स्पंजने कमी करता येतो. जो मुळातच नाही तो कुठल्याही नॉबने आणता येत नाही. सगळी निवड यावरच करायची आहे.

आधी गाण्यांची यादी काढा

दुकानात जायच्या आधी कागद घ्या आणि गेल्या दोन-तीन कार्यक्रमांत वाजवलेली गाणी खाली खाली लिहा. प्रत्येकासमोर अ, ब किंवा क लिहा. अ म्हणजे बेस खालून गादीसारखा हवा, सूर गोल लागला पाहिजे आणि लवकर विरला पाहिजे, बोटं सरकल्याचा आवाज अजिबात नको. ब म्हणजे सूर सुटा सुटा कळला पाहिजे पण टोचला नाही पाहिजे, बहुतेक फिल्मी गाणी यात येतात. क म्हणजे स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं), पिकने वाजवलेलं, तारेचा धातू ऐकू आलाच पाहिजे असं. माझ्या शेवटच्या यादीत ३१ गाण्यांत अ १२, ब १४ आणि क ५ निघाली. तुमची यादी वेगळी येईल आणि यायलाच हवी. चर्चमध्ये वाजवणाऱ्याची वेगळी, कॉलेज बँडची वेगळी, नाट्यसंगीताच्या फ्युजनला साथ करणाऱ्याची अजून वेगळी. पण हे मोजल्याशिवाय तारा घेऊ नका, कारण मनात आपल्याला नेहमी आवडतं गाणंच आठवतं आणि आपण त्या एका गाण्यासाठी तारा घेतो.

अ दहातली आठ असतील तर माझा पुढचा सल्ला तुम्हाला लागू नाही, तुमच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

दोष तारांचाच आहे ना हे बघा

मी एकदा तीन महिन्यांत दोन सेट बदलले आणि 'जी' तार (चारांतली सगळ्यात पातळ) तरीही दबलेलीच. शेवटी कळलं की पिकअप (तारेचं कंपन पकडणारं चुंबक) त्या बाजूला फार खाली बसलेला होता, स्क्रू चार वेढे फिरवल्यावर तार वर आली. म्हणून आधी या गोष्टी तपासा. टोन नॉब पूर्ण उघडा आहे का? अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर बॅटरी कधी बदलली होती? शेवटच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) तार दाबून पिकअपपर्यंतचं अंतर बघा, साधारण सगळ्यात जाड ई तारेखाली ३ मिमी आणि जी तारेखाली २ मिमीच्या आसपास असेल तर ठीक.

मग तारेच्या खालच्या बाजूने बोटाचं नख फिरवा, फ्रेटच्या जागी खाचा लागल्या असतील तर तार संपलेली आहे. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून) वाजवा आणि मग तोच फ्रेट दाबून वाजवा, इंटोनेशन (दाबलेला सूर बरोबर लागणं) पूर्वी नीट होतं आणि आता दोन्ही जुळत नाहीत तर तारेत मळ आणि गंज भरून तिचं वजन सगळीकडे सारखं राहिलेलं नाही. अशा तारांवरून पुढच्या सेटबद्दल काही ठरवू नका. मेलेल्या निकेलच्या तारांना कंटाळून स्टेनलेस स्टील घेणारे मी खूप पाहिलेत, त्यांना खरं तर नवीन निकेलच हवं होतं.

तारेत नेमकं काय असतं

बेसच्या तारेत आत स्टीलचा गाभा असतो आणि त्यावर दुसऱ्या तारेचे वेढे. वेढ्याची तार गोल असेल तर राउंडवाउंड, चपटी पट्टी असेल तर फ्लॅटवाउंड. गोल वेढे घालून वरून घासून अर्धवट सपाट केले तर हाफराउंड किंवा ग्राउंडवाउंड म्हणतात, आणि वर नायलॉनची पट्टी गुंडाळली तर टेपवाउंड. हा पृष्ठभागच सगळ्यात जास्त फरक पाडतो, धातू दुसरा, आणि कंपनी कितीतरी नंतर.

तानपुऱ्याची जवारी ज्याने जवळून ऐकली आहे त्याला हे पटकन कळेल. जवारी उघडी केली की खर्जाच्या तारेतून वरचे सूर झिणझिणत बाहेर येतात, बंद केली की तीच तार गोल आणि मिटलेली वाटते. राउंडवाउंड ही उघड्या जवारीसारखी आणि फ्लॅट बंद जवारीसारखी. कारणं वेगळी आहेत, पण कानाला होणारा फरक त्याच जातीचा.

इतिहास थोडा सांगतो कारण त्यातून हे दोन टोकांचे आवाज आले कुठून ते समजतं. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला तेव्हा आणि पुढची बरीच वर्षं बेसवर फ्लॅटच असायच्या, कारण डबल बेस वाजवणाऱ्यांना तोच गोल आवाज हवा होता. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट वाजवायचा, ५२ ते ११० गेजच्या, आणि तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही म्हणतात. दुसरं टोक इंग्लंडमधलं. द हू या बँडचा बेसिस्ट जॉन एंटविसल आणि रोटोसाउंड या तारांच्या कंपनीचे जेम्स हाऊ यांनी १९६६ च्या सुमारास मिळून राउंडवाउंड तारा अशा जमवल्या की बेस पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा वाजायला लागला. तोच स्विंग बेस ६६ हा सेट आजही मिळतो, स्टेनलेस स्टीलचा. पुढे स्लॅप वगैरे जे आलं ते या झणकारामुळेच ऐकू आलं.

आता धातू. निकेल प्लेटेड स्टील म्हणजे स्टीलवर निकेलचा पातळ मुलामा, हाच आज सगळ्यात जास्त चालतो. झणकार आहे पण कानात घुसत नाही आणि बोटाला गुळगुळीत लागतो. स्टेनलेस स्टील जास्त तिखट, बोटाला खरखरीत, आणि फ्रेट लवकर झिजवतो. शुद्ध निकेल मऊ आणि जुन्या वळणाचा. कोटेड तारांवर अगदी पातळ थर असतो, त्यामुळे घाम वेढ्यांत शिरत नाही आणि तार खूप जास्त टिकते, पण नवीन असतानाचा आवाज साध्या तारेपेक्षा किंचित मऊ वाटतो. फ्रेटलेस बेस असेल तर स्टेनलेस राउंड टाळाच, लाकडावर चरे पडतात.

ढोलकी आणि मंडळाचे स्पीकर

हा भाग मी मुद्दाम वेगळा काढलाय कारण बाहेरच्या देशातल्या व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही आणि आपल्याकडे ९० टक्के गोंधळ इथेच होतो.

मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा असतो. ए ५५, डी ७३, जी ९८. मंडपात किंवा गावच्या मैदानात जे स्पीकर लागतात त्यातले बरेचसे ४१ हर्ट्झ धडपणे वाजवूच शकत नाहीत. मग समोरच्या माणसाला ई तार ऐकू कशी येते? तो ऐकतो तो ८२ आणि १२३ हर्ट्झचा वरचा सूर, आणि खालचा त्याचा कान स्वतः भरून काढतो. म्हणजे तारेत वरचे सूर असतील तर बेस ऐकू येतो, नसतील तर नुसती धडधड राहते.

त्यात लावणीला ढोलकी. ढोलकीचा घुमारा त्याच पट्ट्यात येऊन बसतो, आणि ऑक्टोपॅडचा (इलेक्ट्रॉनिक ड्रमचा) किकही तिथेच. मी दोन वर्षं फ्लॅट लावून वाजवलंय, घरी हेडफोनमध्ये इतका सुंदर आवाज की तासन्‌तास एकच सूर वाजवत बसावंसं वाटायचं, आणि मैदानात ढोलकी सुरू झाली की मी नाहीसा. साऊंडवाला बेस वाढवायचा, तर घुमारा आणि बेस मिळून नुसता गजबजाट. राउंडवाउंड लावल्यावर बेस मोठा झाला नाही, पण त्याची कड दिसायला लागली. सूर कुठे सुरू झाला ते कळलं पाहिजे, मग आवाज कमी असला तरी माणूस बेस शोधून ऐकतो.

गेज म्हणजे जाडी, आणि थोडं गणित

पाकिटावर ४५-१०५ लिहिलेलं असतं ते इंचाच्या हजाराव्या भागात. ४५ म्हणजे साधारण १.१४ मिमीची जी तार, १०५ म्हणजे २.६७ मिमीची ई तार. नेहमीचे सेट असे येतात: ४०-१०० च्या आसपासचे हलके, ४५-१०० थोडे हलके, ४५-६५-८५-१०५ मधले, आणि ५०-१०५ थोडे जड. वरच्या ओळी एकदा पाठ झाल्या की पाकिटावरच्या रेग्युलर, मीडियम, सुपर या नावांकडे बघायची गरज उरत नाही, प्रत्येक कंपनीचं रेग्युलर वेगळं असतं. अर्नी बॉलचं रेग्युलर स्लिंकी ५०-१०५ आहे आणि सुपर स्लिंकी ४५-१००.

एकाच जातीच्या तारेत, त्याच सुरात, ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० वरून १०५ वर गेलात तर जाडी ५ टक्केच वाढली पण ताण साधारण १० टक्के वाढला. म्हणून पाकिटावर फरक बारीक दिसतो आणि हाताला मोठा लागतो. अर्धा सूर खाली उतरवलं की ताण साधारण ११ टक्के कमी होतो. म्हणजे १०५ ची तार अर्धा सूर उतरवली की हाताला १०० ची तार ई मध्ये लावल्यासारखीच लागते.

याचा आपल्याला उपयोग काय? गायकांच्या पट्ट्या. काळी एक असेल तर चार तारांच्या बेसला अडचण नाही, पण गायक काळी दोन म्हणाला की खालचा सा ई तारेच्या अर्धा सूर खाली जातो, आणि पांढरी दोन असेल तर पूर्ण एक सूर. त्या वेळी ई तार डी मध्ये उतरवली तर ताण २० टक्के कमी होतो, १०० ची तार असेल तर ती फ्रेटवर लोळायला लागते आणि १०५ असेल तर कशीबशी निभावते. म्हणून जो बेसिस्ट वारंवार तार उतरवतो त्याने ई तार १०५ च्या खाली घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. रोज उतरवत असाल तर पाच तारांचा बेस घ्या, त्याच्या बी तारेला १३० गेज बघा, आणि शक्य असेल तर टेपर कोअर म्हणजे ब्रिजवर (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तिथे) टेकते त्या भागात वेढे कमी केलेली तार घ्या, तिचा सूर स्वच्छ लागतो.

हलक्या तारा वाईट नाहीत. स्लॅप करणाऱ्याला आणि बोटं अजून तयार होत असलेल्या मुलामुलींना ४० किंवा ४५-१०० फार सोप्या जातात. फक्त जोरात वाजवायची सवय असेल तर त्या फ्रेटवर आपटतात.

जाडी आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात ठेवा. थोमास्टिकच्या जॅझ फ्लॅट ४३-५६-७०-१०० आहेत आणि हाताला इतक्या मऊ लागतात की फ्लॅट कडकच असतात हा समज निघून जातो. ला बेलाच्या ४५-१०५ फ्लॅट मात्र चांगल्याच ताठ.

तुमचा बेस मोजा

नटपासून (खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथून) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा, ते तुमचं स्केल. बहुतेक बेस ३४ इंची म्हणजे लाँग स्केल. वायोलिनच्या आकाराचे बेस आणि मस्टँगसारखे छोटे बेस ३० इंची शॉर्ट स्केल. त्याच तारेला ३० इंचावर ३४ पेक्षा साधारण २२ टक्के ताण कमी मिळतो, म्हणून शॉर्ट स्केलवर थोडी जाड तार घेतात.

एका दुकानात मला लाँग स्केल म्हणून शॉर्टचा सेट दिला गेला. मी घाईत कापून लावला आणि तारेच्या टोकाला जो रंगीत रेशमी धागा असतो तो नटच्या अलीकडे आला, मोकळी तार रजई पांघरल्यासारखी वाजायला लागली. कापलेला सेट परत घेत नाहीत. त्यामुळे आता मी कापायच्या आधी तार बेसवर नुसती आडवी ठेवून बघतो: बॉल एंड (तारेच्या टोकाचा धातूचा गोल) ब्रिजमध्ये ठेवला की रेशमी धागा नटच्या पुढे दोन ते पाच सेंटिमीटरवर सुरू व्हायला हवा, आणि पेगवर (खुंटीवर) जाड वेढा न येता धाग्याचा भाग आला पाहिजे. तार बॉडीच्या मागून ओवायची असेल तर अजून लांब लागते, तेही बघा.

मग घ्यायचं काय

यादीत अ, ब, क तिन्ही मिसळलेले असतील तर निकेल प्लेटेड स्टील, राउंडवाउंड, ४५-६५-८५-१०५. डॅडारिओचा ईएक्सएल १६५, अर्नी बॉलचा हायब्रिड स्लिंकी, हे दोन्ही याच गेजचे आहेत. वर्षानुवर्षं मी हेच फिरवून लावतो. हात हलका असेल तर त्याच जातीचा ४५-१००, म्हणजे ईएक्सएल १७० किंवा सुपर स्लिंकी. डीआरचा सनबीम मिळाला तर एकदा लावून बघा, त्याचा गाभा गोल आहे, त्यामुळे तार जास्त लवचिक लागते आणि आवाजात एक ऊब असते. बाकी बहुतेक सेटचा गाभा षटकोनी असतो.

क गाणी निम्म्याहून जास्त असतील तर स्टेनलेस. तुमचा बेस मुळात मिणमिणता असेल, लाकूड जड, जुना पॅसिव्ह पिकअप, तरीही स्टेनलेसचा विचार करा. उलट बेस आधीच चरचरीत असेल तर त्यावर स्टेनलेस लावून मग टोन बंद करून वाजवण्यात अर्थ नाही.

अ गाणी दहात आठ असतील, म्हणजे जुनी गाणी, भावगीतं, गझल, तर फ्लॅट लावा आणि बिनधास्त लावा. डॅडारिओच्या क्रोम्स ४५-१०० फ्लॅटमध्ये त्यातल्या त्यात उघड्या आवाजाच्या आहेत, म्हणून पहिल्यांदा फ्लॅट लावणाऱ्याला मी त्याच सांगतो. फ्लॅट महाग पडतात पण वर्षानुवर्षं चालतात आणि जुन्या झाल्या की अजून गोड होतात. काही बंद सभागृहांत, जिथे साऊंड चांगला आहे आणि ढोलकी नाही, तिथे फ्लॅटइतकं समाधान कशात नाही. हाफराउंड हा दोघांच्या मधला मार्ग म्हणून सांगतात आणि तो आहेही, पण मला त्यात दोन्हीकडचं अर्धं अर्धं मिळालं, स्लॅपला कमी पडलं आणि भावगीताला जास्त झालं. काहींना तोच आवाज फार आवडतो, त्यांच्या कानाला माझा नमस्कार.

नकली माल खूप फिरतो. नेहमीच्या भावाच्या निम्म्यात नामांकित सेट दिसला तर थांबा, छपाई बघा, आणि शक्यतो अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. मुंबईत धोबी तलावचं फुर्टाडोस आहेच, आणि ऑनलाइन घ्यायचं तर बजाओसारखी वाद्यांचीच दुकानं आहेत.

लावायची पद्धत

सामान: ट्यूनर, कटर, एलन की, आणि एक फिलर गेज. फिलर गेज वाद्याच्या दुकानात शोधू नका, मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात तोच.

तारा एकेक करून बदलल्या तर नेकवरचा ताण एकदम जात नाही. सगळ्या एकदम काढल्या तरी काही बिघडत नाही, पण फ्रेटबोर्ड साफ करायचा नसेल तर एकेकच बरं. तार ब्रिजमधून ओवा, ताणून पेगच्या पुढे १० ते १२ सेंटिमीटर सोडा, आणि कापायच्या आधी त्या जागी काटकोनात वाकवा. गोल गाभ्याच्या तारेला हे केलंच पाहिजे. न वाकवता कापली तर वेढे गाभ्यावरून सुटतात, आणि तार लावल्यावर ती मेल्यासारखी वाजते, मग तिला काही इलाज नसतो. वाकवलेलं टोक पेगच्या मधल्या भोकात घाला आणि दोन ते तीन वेढे वरून खाली येतील असे गुंडाळा, म्हणजे तार नटवर नीट दाबून बसते. तार लावताना पिळू देऊ नका, हातातून मोकळी फिरू द्या.

सुरात आणल्यावर एक काम बहुतेक जण करत नाहीत. नटच्या पुढे आणि ब्रिजच्या सॅडलच्या (तार जिच्यावर टेकते त्या घोडीच्या) पुढे अंगठ्याने तार हळूच खाली दाबा. नवीन तार तिथे कमानीसारखी उचललेली असते, ती सरळ झाली की सूर एकदम स्पष्ट होतो. दाबताना जोर लावू नका. मग पुन्हा सुरात आणा, तारा थोड्या ओढा, पुन्हा सुरात आणा, असं तीन-चार वेळा.

सेटअप, कारण नवीन गेज म्हणजे नवीन ताण

चार तारांचा मिळून ७०-८० किलोच्या घरात ताण नेकवर असतो. गेज बदललं की नेक हलतो, एक दिवस बसू द्या आणि मग मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा, आणि आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात फिलर गेज घाला. ०.३० ते ०.३५ मिमी असेल तर उत्तम. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, नेकचा बाक सांभाळणारा दांडा) घड्याळाच्या दिशेने पाव वेढा, कमी असेल तर उलटा पाव वेढा, आणि मग थांबा. अडकत असेल तर जबरदस्ती करू नका, माहीतगाराकडे न्या.

मग सतराव्या फ्रेटवर उंची: ई तारेखाली साधारण २.४ मिमी, जी तारेखाली २ मिमी. जोरात वाजवणाऱ्याने थोडी वर ठेवावी. शेवटी बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन, दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. आधी इंटोनेशन आणि मग उंची केली तर दोनदा काम करावं लागतं, म्हणून हाच क्रम ठेवा.

एकाच सेटमधून तीन आवाज

आता यादीकडे परत या. क गाण्यांसाठी टोन पूर्ण उघडा, हात ब्रिजच्या बाजूला किंवा पिक. ब साठी टोन अर्ध्याच्या थोडा वर, बोटं पिकअपवर. अ साठी टोन पाव, हात नेकच्या टोकाला, आणि उजव्या तळव्याची कड ब्रिजवर अलगद टेकवून अंगठ्याने वाजवा. सूर लागतो आणि लगेच विरतो.

अ गाणी सलग पाच-सहा असतील तर भांडी घासायच्या स्पंजचा पिवळा मऊ भाग बोटभर रुंद कापून ब्रिजच्या अगदी पुढे तारांखाली सरकवा. जुन्या फेंडर बेसच्या ब्रिजवर जे धातूचं झाकण असायचं त्यात आत असाच फोम असायचा, आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत हजारो रेकॉर्डिंग करणाऱ्या कॅरोल के तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून पिकने वाजवायच्या. म्हणजे ही फार जुनी आणि नेमकी युक्ती आहे. स्पंज फार जाड झाला तर सूर चढा वाजतो, तार उचलली जाणार नाही इतकाच ठेवा. तो काढायला दोन सेकंद लागतात, निवेदकाच्या पहिल्या वाक्यात होऊन जातं.

नव्या कोऱ्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी लावू नका. पहिले काही दिवस त्या टोचतात आणि सूर उतरत राहतो. आठवडाभर आधी लावा, रोज तासभर वाजवा.

घाम आणि खारी हवा

कोकणात आणि गोव्यात वाजवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रत्नागिरीला समुद्राजवळच्या मैदानात सलग तीन रात्री वाजवून आल्यावर आठ दिवसांत माझ्या निकेलच्या तारांवर तपकिरी ठिपके आले होते. तिथे राहत असाल किंवा हाताला घाम जास्त येत असेल तर जास्त पैसे देऊन कोटेड घ्या, एलिक्सिरचा नॅनोवेब ४५-१०५ मध्येही येतो. महाग वाटतो, पण साधे सेट वर्षात किती लागतात ते मोजलं तर खर्च जवळपास तेवढाच येतो.

साध्या तारांना वाजवून झालं की सुती फडक्याने खालून वरून पुसा. खालून पुसणं महत्त्वाचं, घाम तिथे थांबतो. तारा उकळून जिवंत करायची जुनी पद्धत आहे, ती चालते पण थोडे दिवस, आणि वेढ्यांच्या आत पाणी राहून गाभा गंजतो. त्यापेक्षा केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, एका बाजूने बंद केलेल्या पीव्हीसी पाइपमध्ये तारा रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पुसून पूर्ण वाळवा. गॅस, उदबत्ती, सिगरेट यांच्या आसपास हे करू नका. निकेलच्या राउंडवाउंडला यातून पुन्हा दोन-तीन आठवड्यांचा झणकार येतो. खाचा पडलेल्या तारांना मात्र येत नाही. फ्लॅट आणि कोटेड यात बुडवू नका.

बॅगेच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा: कुठला सेट, कधी लावला, किती कार्यक्रम झाले. मला माझ्या वहीतून कळलं की पावसाळ्यात माझा सेट हिवाळ्याच्या जेमतेम निम्मे दिवस टिकतो, आता गणपतीच्या आधीच दोन सेट घेऊन ठेवतो. आणि उतरवलेल्या सेटमधली ई आणि जी टाकून देऊ नका, अल्कोहोलमधून काढून, गोल गुंडाळून त्याच वहीच्या मागे ठेवा. तार तुटते ती बहुतेक वेळा शेवटच्या तासातच, आणि तेव्हा वापरून ताणलेली जुनी तार नव्या तारेपेक्षा खूप लवकर सुरात थांबते.